जुना ट्वीडचा कोट, विरलेलं कोपर आणि इंग्लंडचा हिवाळा

रानवाट
नमस्कार मंडळी. तीन वर्षांपूर्वी आम्ही साताऱ्याहून इकडे उत्तर यॉर्कशरमध्ये, स्किप्टनला आलो. पहिले दोन हिवाळे मी खिडकीच्या आतच काढले. डिसेंबरात पावणेचारला दिवस मावळतो, नवरा घरी येईपर्यंत बाहेर मिट्ट काळोख. यंदा ठरवलंय, हिवाळा कुढत काढायचा नाही.

निमित्त झालं एका कोटाचं. गेल्या शनिवारी चॅरिटी शॉपमध्ये हॅरिस ट्वीडचा, म्हणजे जाड खरबरीत लोकरी कापडाचा कोट मिळाला, १८ पौंडांना. लांबून नुसता तपकिरी दिसतो. घरी आणून खिडकीशी धरला तर त्यात विटकरी, मोरपंखी, हळदीसारखी पिवळी आणि मधूनच एखादी जांभळी तारसुद्धा. आतल्या लेबलवर गोळा आणि त्यावर क्रॉस. पण उजवं कोपर पार विरलंय आणि पाठीवर कसरीने दोन भोकं पाडलीत.

तर विचारायचं असं की हा दुरुस्त कसा करू? आणि दुसरं, जरा मोठं. हे ट्वीड, मेणाचे कोट, हिरवे गमबूट, शेकोटीचे पब, हे सगळं मला दुकानांच्या काचेतच दिसतं. तुमच्यापैकी कुणी हा इथला ग्रामीण हिवाळा खरोखर जगतं का? कसा?

लेस्टरकर
१८ पौंडांत? ताई, त्या दुकानाचा पत्ता इथे देऊ नका. उद्या सकाळी सगळं लेस्टर रांगेत उभं असेल.

मुक्ताई_एडिनबरा
अगं, सगळ्यात आधी तो कोट कपाटात ठेवू नकोस! कसर लागलेली लोकर म्हणजे बाकीच्या स्वेटरांना आमंत्रण. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांध आणि दोन आठवडे फ्रीजरमध्ये टाक. आमच्या फ्रीजरमध्ये आत्ता एक शाल आहे आणि तिच्याखाली खवलेला नारळ. मशीनमध्ये मुळीच धुऊ नकोस, आटून नमदा होईल. बाहेर काढल्यावर मऊ ब्रशने झटक आणि दमट, वाऱ्याच्या दिवशी हँगरवर टांगून ठेव. लोकरीचा वास वाऱ्यानेच जातो.

चिंचोका
भोकांसाठी रफू. दोरा विकत आणू नका, रंग जुळणार नाही. अस्तर तळाशी चार बोटं उसवा. आत शिलाईपलीकडे जादा कापड असतं, त्यातून तारा ओढून काढा. त्याच कापडाच्या, त्याच रंगाच्या तारा. आधी उभ्या भरा, मग आडव्या, एक वर एक खाली. ट्वीड खरबरीत असतं म्हणून रफू त्यात मुरून जातं. कोपराला मात्र रफू टिकणार नाही, तिथे चामडंच लावा.

सोनचाफा
रानवाट, तो गोळा आणि क्रॉस म्हणजे ऑर्बचा शिक्का, १९१० च्या सुमारापासून चालत आलेला. १९९३ साली तर ब्रिटिश संसदेने या एका कापडासाठी कायदा केला. हॅरिस ट्वीड म्हणायचं तर लोकर शुद्ध हवी, ती स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या आउटर हेब्रिडीज बेटांवरच रंगवलेली आणि कातलेली हवी, आणि कापड तिथल्या विणकराने स्वतःच्या घरी हाताने विणलेलं हवं. कारखान्यात विणलं की ते हॅरिस ट्वीड राहिलं नाही.

दोन वर्षांपूर्वी आम्ही त्यांपैकीच लुइस बेटावर गेलो होतो, फेब्रुवारीत. लोकांनी वेड्यात काढलं. वारा असा की गाडीचं दार दोन हातांनी धरून उघडायचं. एका घराच्या मागे पत्र्याच्या शेडमधून खडाक-खट, खडाक-खट आवाज येत होता. आजोबा माग चालवत होते, सायकलसारखे पायडल मारत. वीज होती ती फक्त दिव्याला आणि रेडिओला. मी विचारलं, एवढे रंग एका तारेत कसे येतात? त्यांनी टोपलीतून न कातलेल्या लोकरीचा पुंजका काढून माझ्या तळहातावर ठेवला. लोकर आधी रंगवतात, मग वेगवेगळे रंग मिसळून पिंजतात आणि त्यातून तार काततात. म्हणजे तुमच्या कोटातली 'तपकिरी' तार मुळात सहा-सात रंगांची आहे. ते खिडकीबाहेरच्या माळाकडे बोट दाखवून म्हणाले, बघ, हेच रंग आहेत. खरंच होते. मेलेलं नेचं, ओला दगड, दलदलीचं काळं पाणी.

पूर्वी ही लोकर दगडावरच्या शेवाळासारख्या दगडफुलाने रंगवायचे. जुन्या कापडाला चुलीतल्या पीटच्या धुराचा वास असे. पीट म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेलं जळण.

ठाणेकर_बंड्या
दगडफूल म्हणजे आपल्या गोडा मसाल्यातलं? त्याने कोट रंगवायचे?

सोनचाफा
@ठाणेकर_बंड्या त्याच जातकुळीतलं. तिकडे त्याला क्रॉटल म्हणतात, विटकरी-तपकिरी रंग येतो.

उलटतपासणी
धागा छान चाललाय, पण एक बाजू राहतेय. हा 'कंट्री स्टाइल' प्रकार मुळात जमीनदारांचा. १८४० च्या दशकात लेडी डनमोरने आपल्या इस्टेटीसाठी हॅरिस बेटावरच्या बायकांकडून कापड विणून घेतलं आणि शिकारीला येणाऱ्या मित्रमंडळींत त्याची जाहिरात केली. स्कॉटिश इस्टेटींनी आपापल्या रखवालदारांसाठी वेगवेगळी ट्वीडं ठरवली, माळरानात मिसळून जावं म्हणून. राणी व्हिक्टोरियाच्या नवऱ्याने, प्रिन्स अल्बर्टने, बाल्मोरल या स्कॉटलंडमधल्या राजघराण्याच्या इस्टेटीसाठी स्वतः काढलेली वीण राजघराणं आजही वापरतं. आणि त्याच काळात त्याच डोंगरांतून कुळांना हुसकावून तिथे मेंढ्या आणि हरणं सोडली. स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवरच्या बायका रात्र-रात्र विणत, पण व्यापारी त्यांना रोख पैसे देत नसत, चहा आणि कापड देत. हा जाच इतका वाढला की १८७२ साली सरकारी आयोगाला त्याची चौकशी करावी लागली. तेव्हा शेकोटीपाशी बसून 'किती सुंदर' म्हणताना हे विसरू नये असं मनापासून वाटतं.

लेस्टरकर
+१. हे माहीत नव्हतं.

मुक्ताई_एडिनबरा
@उलटतपासणी तुमचं सगळं खरं आहे, आणि म्हणूनच मला ते विणकाम जास्त जवळचं वाटतं. शेटलंडची बाई पाठीवर पीटची टोपली घेऊन घरी चालत यायची आणि चालता चालता तिचे हात विणत असायचे. कमरेला चामड्याचा पट्टा, त्याच्या भोकांत सुईचं एक टोक खोचलेलं, म्हणजे एक हात मोकळा. तो पट्टा आजही तिथे वापरतात. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रिन्स ऑफ वेल्सने गोल्फ खेळताना शेटलंडमधल्या फेअर आइल बेटाच्या रंगीत नक्षीचा स्वेटर घातला आणि जगभर त्याची लाट आली. पण नक्षी त्याची नव्हे, त्या बायांची.

मी गेली चार वर्षं फेअर आइल विणतेय. नियम अगदी साधा, एका ओळीत दोनच रंग. न वापरलेला रंग मागून सैल वाहून न्यायचा. तो घट्ट ओढला की नक्षी सुरकुतते आणि सैल सोडला की बोटं अडकतात. पहिल्या टोपीचं मागचं अंग मी सासूबाईंना दाखवलं. त्या कशिदा काढायच्या, त्यांनी टोपी उलटी करूनच पाहिली आणि म्हणाल्या, "आता जमलं." इथल्या नोव्हेंबरच्या अंधारात मला त्यानेच तारलं. संध्याकाळी चार ते सात हा वेळ पूर्वी खायला उठायचा. आता पुरत नाही.

चिंचोका
मुक्ताईताई, मागचं अंग आधी बघणारी माणसं आता कमी राहिली.

मी सोलापूरकडचा, सध्या लीड्सला. आमच्या गावात सणगरांचे माग होते. दख्खनी मेंढीची काळी लोकर, धनगरबाया चरख्यावर सूत काढायच्या आणि सणगर खड्ड्याच्या मागावर घोंगडं विणायचे. ताण्याला चिंचोक्याची खळ. माझ्या नावाचं मूळ ते! ही खळ लावली की तार ताठ राहते. नवं घोंगडं अंगाला टोचतं, पण पावसात डोक्यावरून घेतलं की पाणी आत येत नाही. हॅरिस ट्वीड पहिल्यांदा हातात धरलं तेव्हा मला आजोबांच्या खांद्यावरचं घोंगडंच आठवलं. तोच खरबरीतपणा, ओलं झाल्यावर मेंढीचा तोच वास. एक कापड कायद्याने राखलंय. दुसऱ्याचे माग आमच्या गावात एक-एक करत बंद पडले. हे लिहिताना जीव तुटतो.

रानवाट
चिंचोका, तुमचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला घरी. आमच्या घरी साताऱ्याला अजून एक घोंगडं आहे, लोणच्याच्या बरण्यांखाली घातलेलं. आईला आजच फोन करून काढून ठेवायला सांगितलं.

आबा_डर्बी
मुलांनो, म्हाताऱ्याचं ऐका. ४१ वर्षं झाली या देशात. हिवाळा जगायचा तर आधी पायांना वाट द्या. या देशाची खरी श्रीमंती म्हणजे पायवाटा. इंग्लंड-वेल्समध्ये लोकांच्या हक्काच्या अशा वाटा सुमारे २,२५,००० किलोमीटर भरतात. शेतातून, कुणाच्या परसामागून, मेंढ्यांच्या कुरणातून, कुठूनही जातात आणि कुणी अडवू शकत नाही. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशासंस्थेचा नारिंगी नकाशा घ्या, १:२५,००० चा. त्यावर हिरव्या तुटक रेघा असतात, त्या आपल्या. एक कुंपणसुद्धा चुकत नाही त्यात.

उलटतपासणी यांना सांगतो, हा हक्क जमीनदारांनी ताटात वाढून दिलेला नाही. माझ्या घरापासून तासाभरावर किंडर स्काउटचं पठार आहे. २४ एप्रिल १९३२ ला मँचेस्टर-शेफील्डकडचे शेकडो कामगार बंदी मोडून त्यावर चढले. पाच जण तुरुंगात गेले. १९५१ मध्ये तोच भाग ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झाला, आणि खुल्या माळरानांवर फिरायचा हक्क २००० च्या कायद्याने मिळाला. त्यामुळे मी मेणाचा कोट घालून तिथे चालतो तेव्हा तो लॉर्डाचा वेष वाटत नाही मला. त्या कामगारांचा वाटतो.

नियम एवढेच. सकाळी नऊला निघा, दीडला परतीला लागा. खिशात बॅटरी. फाटक जसं सापडलं तसं ठेवा, बंद असेल तर बंद. आणि थर्मासात आल्याचा चहा.

ठाणेकर_बंड्या
आबा, मेणाचा कोट म्हणजे नक्की काय? मेणबत्तीचं मेण?

आबा_डर्बी
सुती कापडात मेण मुरवलेलं असतं. खलाशी शिडाच्या कापडाला तेल लावून अंगावर घ्यायचे, त्यातून आलेली युक्ती. बार्बर कंपनी १८९४ मध्ये साउथ शील्ड्स बंदरात निघाली ती अशाच कपड्यांसाठी. माझा कोट २६ वर्षांचा आहे. दर ऑक्टोबरात मेणाचा डबा गरम पाण्यात ठेवायचा, मेण पातळ झालं की फडक्याने शिवणींवर जास्त, बाकी ठिकाणी पातळ चोळायचं आणि हेअर ड्रायरने मुरवायचं. घडीच्या जागा पांढुरक्या दिसल्या की समजायचं, कोट तहानलाय. नात ड्रायर धरते, मी चोळतो. आमचा दसरा तोच, गाडीऐवजी कोटाची पूजा.

लेस्टरकर
आबा, आमच्याकडे यंदा दोन्हींची पूजा करू!

पाणकणीस
सॉमरसेटहून हजेरी. आमच्याकडे हिवाळा हाच कामाचा हंगाम. विलोच्या झाडाची पानं गळली की टोपल्यांसाठी डहाळ्या कापतात, नोव्हेंबर ते मार्च. झाडाचा रस खाली उतरलेला असतो, म्हणून ती कापणी झाडाला सोसते. सालीसकट वाळवली तर तपकिरी टोपली, तासनतास उकळून सोलली तर सालीचा रंग आत मुरतो आणि बदामी टोपली, वसंतात रस चढल्यावर सोलली तर पांढरी. तीनही रंग एकाच झाडाचे.

आणि जानेवारीत वसेल! १७ तारखेला, जुन्या पंचांगाप्रमाणे नाताळनंतरची बारावी रात्र. सफरचंदाच्या बागेत काळोखात सगळं गाव जमतं. सर्वांत जुन्या झाडाच्या मुळाशी सायडर, म्हणजे सफरचंदाची दारू, ओततात, सायडरमध्ये बुडवलेला टोस्ट फांद्यांना टांगतात रॉबिन पक्ष्यांसाठी, आणि मग पातेली-झाकणं बडवून, बंदुकीचे बार काढून झाडाला जागं करतात. यंदा भरपूर फळ दे म्हणून गाणं म्हणतात. मी घरून पितळी ताट आणि लाटणं नेते. पहिल्या वर्षी शेजारच्या आजींनी त्या ताटाचा आवाज ऐकून मला हाताला धरून थेट झाडापाशी उभं केलं.

मुक्ताई_एडिनबरा
अवांतर: जानेवारी म्हणजे सेव्हिलची कडू संत्री. मार्मलेड कुणी करतं का? तीन-चार आठवडेच मिळतात.

पाणकणीस
दरवर्षी. बिया आणि पांढरा गर मलमलच्या पुरचुंडीत बांधून सालींबरोबर शिजवायचा, घट्टपणा त्यातूनच येतो. साल पूर्ण मऊ झाल्याशिवाय साखर घालायची नाही, नाहीतर ती कायमची चिवट होते. बशी फ्रीजरमध्ये गार करून तिच्यावर थेंब टाकायचा. बोटाने ढकलल्यावर सुरकुती पडली की झालं.

मुक्ताई_एडिनबरा
म्हणजे मुरांब्याच्या एकतारी पाकाची बहीण. वाचनखूण साठवली.

ठाणेकर_बंड्या
माझा प्रश्न राहूनच जाईल. क्रिकेटची बॅट, बॉल हे पण इंग्लंडच्या गावातलंच ना हस्तकाम? ते अजून होतं का तिथे?

चिंचोका
बॅटच्या विलोची झाडं अजून आहेत, एसेक्सकडे जास्त. बॉलचं मात्र दुःख आहे. लुप्त होत चाललेल्या हस्तकलांची यादी इथे २०१७ मध्ये पहिल्यांदा निघाली, त्यात हाताने शिवलेला क्रिकेटचा चेंडू ब्रिटनमधून 'संपलेला' म्हणून नोंदला गेला. आज तो टाका मेरठ-जालंधरकडे जिवंत आहे.

हेमंतऋतू
रानवाट, तुम्ही स्किप्टनला आणि अजून कुणी भिंतीचं नाव काढलं नाही? खिडकीतून दिसत असतील की! यॉर्कशर डेल्समध्ये चुना-सिमेंटाशिवाय रचलेल्या भिंती ८,००० किलोमीटरहून जास्त आहेत. बऱ्याचशा अठराव्या-एकोणिसाव्या शतकात सामाईक कुरणं वाटून घेतली तेव्हाच्या.

मी कोकणातला. आमच्या वाडीत याला गडगा म्हणतात. इथे पहिली भिंत पाहिली तेव्हा पाय तिथेच थांबले. तीन वर्षं झाली, हिवाळ्यात महिन्यातून एक रविवार स्वयंसेवक म्हणून पडलेल्या भिंती उभारायला जातो. शिकवणारे काका सत्तरीचे. खरं तर या दोन भिंती असतात, एकमेकींकडे झुकलेल्या, पोटात चिपऱ्यांची भर. साधारण अर्ध्या उंचीला लांब दगड आरपार घालतात, तो दोघींना बांधून ठेवतो. दगडाचं लांब अंग आत, आखूड अंग बाहेर. प्रत्येक दगड खालच्या दोघांवर बसला पाहिजे, सांध्यावर सांधा येता कामा नये. काका म्हणतात, एकदा उचललेला दगड खाली टाकायचा नाही, त्याची जागा शोधायची. दिवसभरात टनावारी दगड हातातून जातात. संध्याकाळी मी माझा दोन मीटरचा तुकडा बघत उभा होतो तेव्हा काका येऊन त्यावर चक्क चढले, टाचेने दोन ठोसे दिले आणि म्हणाले, "मेंढीचं काम होईल." इतका आनंद मला पदवी मिळाल्यावरही झाला नव्हता.

ताई, चला एकदा. तोच कोट घालून या. लोकर वजनाच्या जवळजवळ तीस टक्के दमटपणा पोटात घेते तरी ओली लागत नाही. अशा कामाला तीच बरी.

उलटतपासणी
हेमंतऋतू, सामाईक कुरणं वाटून घेतली म्हणजे गरिबाची गाय बाहेर गेली, हेही त्या भिंतीत आहे. पण तुमचं वर्णन वाचून हात शिवशिवले हे कबूल करतो.

रानवाट
मंडळी, दीड महिन्याने लिहितेय, उशिराबद्दल क्षमस्व.

कोट फ्रीजरमधून निघाला. चिंचोकांनी सांगितलं तसं अस्तर उसवलं, आतल्या कापडातून तारा काढल्या. पहिलं भोक भरायला मला तीन संध्याकाळी लागल्या, दुसऱ्याला एक. आता नवऱ्याला शोधायला सांगते, त्याला सापडत नाही. कोपराला बाबांच्या जुन्या ऑफिसबॅगेचं चामडं लावलं. बंद तुटला होता म्हणून ती पडून होती. चामड्याला आधी काट्याने ओळीत भोकं पाडून घेतली आणि मग दोन्ही बाजूंनी टाका घातला.

आणि काल मी भिंतीला गेले होते, मालमजवळ. हेमंतऋतूंच्याच गटाबरोबर. सकाळी दगड गारठून एकमेकांना चिकटले होते, हातोड्याने ठोकून सुटे करावे लागले. मला भर घालायचं काम दिलं. वाटलं हलकं काम असेल. पण काकांनी माझी मूठभर चिपरी परत बाहेर काढली आणि दाखवलं की ती ओतायची नसते, एक-एक बसवायची असते. जी सैल पडली तिच्यामुळे पन्नास वर्षांनी भिंत पोट काढते. मग मी एक-एक बसवली. साडेतीनला उन्हाची तिरीप भिंतीच्या कडेवरून आली आणि चुनखडी एकदम गुलाबी झाली. रोज याच वेळी मी घरात पडदे ओढून घेते.

एकीने कोपराकडे बघून विचारलं, हे कुणी लावलं? मी म्हटलं, मी. चामडं माझ्या वडिलांचं.

चिंचोका
फोटो टाका. रफूचा, उलट्या बाजूचा.

मुक्ताई_एडिनबरा
हो, उलट्याच बाजूचा!

आबा_डर्बी
शाब्बास पोरी. घोंगडं आलं का साताऱ्याहून?

रानवाट
आलं आबा, भाऊ घेऊन आला. लोणच्याचा वास अजून आहे. बागेत टांगलंय वाऱ्यावर.

उलटतपासणी
मी मँचेस्टरला असतो. पुढच्या रविवारी भिंतीला यायचं असेल तर हातमोजे कुठले आणू?

हेमंतऋतू
या या! जाड चामड्याचे, दोन जोड आणा. चुनखडी दुपारपर्यंत एक जोड खाते.